उन्हाचं पाणी आणि तांब्याचा बंब

पहिलं मूल गावी, बाळंतपणातच गेलं होतं. दवाखाना लांब होता आणि वाटेतला नाला भरलेला होता. त्यामुळे दुसऱ्या खेपेला माझ्या बायकोनं भिलाईतच राहायचं ठरवलं. कारखान्याचं इस्पितळ कॅम्प-1 या कामगारवस्तीतल्या आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. पोलाद कारखान्याची झोतभट्टी पेटली होती, बाकीचं बांधकाम चालू होतं.

हिवाळ्याच्या तोंडावर माझी थोरली बहीण तिला गावी न्यायला तुमसरकडून आली. इस्पितळाबद्दल तिची तक्रार नव्हती. प्रश्न नंतरच्या दिवसांचा होता. आमच्याकडे बाळंतिणीला सकाळ-संध्याकाळ अंग शेकून निघेल असं पाणी घालतात, आणि त्यात काटकसर चालत नाही. कॅम्पात सरपण मिळत नसे. मिळणारा कोळसा स्वयंपाकाच्या शेगडीलाच जेमतेम पुरे. तांब्याचा बंब दोन वेळ पेटवला तर शेगडी थंड राहणार होती.

"गावात लाकडं हायेत," ताई म्हणाली. "इथं दोन वेळ कढत पाणी कोठून आणशीन?"

उत्तर माझ्या थोरल्या भावानं दिलं. तो कारखान्यात वाफेच्या लाईनी जोडणारा फिटर होता. अर्धं पाणी उन्हानं तापवू आणि उरलेलं बंबानं, असं त्यानं सांगितलं. त्यानं भंगार बाजारातून जुने नळ आणि एक पिंप विकत आणलं. कारखान्यातला एक तुकडाही त्यात नाही, हे तो कोणी न विचारता सांगत असे. अंगणात दक्षिणेकडे तोंड करून नळांची तिरपी जाळी उभी राहिली. तिच्या वर, विटांच्या ओट्यावर पिंप बसलं. नळात तापलेलं पाणी आपोआप वर पिंपात जाईल, थंड पाणी खाली नळात उतरेल, आणि पिंपातलं कोमट पाणी बंबात घेतलं की मूठभर कोळशात ते कढेल, असा बेत होता. सांधे त्यानं इतके नेटके बसवले की कुठेही थेंब गळला नाही. मग सवयीप्रमाणे त्यानं पिंपाला आणि सगळ्या नळांना गोणपाट गुंडाळलं आणि वरून भुसा कालवलेला चिखल लिंपला. गरम लाईन उघडी सोडायची नाही, हेच तो नोकरीत शिकला होता.

दिवसभर कडक ऊन पडलं. संध्याकाळी तोटी सोडली तर पाणी विहिरीतल्यासारखं गार. ताईनं बोटं झटकली आणि उद्याच्या पॅसेंजरनं दोघी निघतो म्हणून सांगितलं. बायकोनं ट्रंक उघडली आणि तशीच उघडी ठेवून बसली.

ताई मात्र जाळीपाशी रेंगाळली. "काहून रे भाऊ, पाईपाले हिव वाजून राहिलं का? घोंगडं पांघरून उन्हात निजवलं त्याले."

भाऊ हसला नाही. तो कोयता घेऊन नळांवरचं गोणपाट कापायला लागला. कारखान्यातल्या नळात उष्णता आधीच असते, ती राखायची असते. इथं ती बाहेरून आत यायची होती. पिंपाचं पांघरूण त्यानं राहू दिलं. नळांना जवसाच्या तेलात खललेली काजळी फासली. ताईनं एक दिवस थांबायचं कबूल केलं, तेही बायकोनं "मले एक दिवस द्या, ताई" म्हटलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ताईनं स्वतः तोटी सोडली आणि हात मागे घेतला. बंबात थोडेच निखारे घातले, पाण्याला लगेच वाफ आली. पहाटे पिंपातलं पाणी कोमट होतं. तेही थोड्या कोळशात कढलं. ताई त्या पाण्यानं न्हाली. केस पुसत बाहेर आली आणि ट्रंक तिनंच बंद करून पलंगाखाली सारली.

मुलगी इस्पितळात झाली, सुखरूप. ताई सव्वा महिना राहिली आणि एकही न्हाणं कमी पाण्यावर झालं नाही. ढगाळ दिवशी बंब जास्त पेटवावा लागे, इतकंच. शेजारच्या बाया जाळी पाहायला येत. ताई त्यांना पिंपाला हात लावू देई, नळांना नाही.

"आमच्या भावानं बांधलं," ती सांगे. "नळ उघडे ठेवा, पिंप झाका. आमी आधी नळबी झाकून बसलो होतो."