यास्मिनने थांबवलेलं मशीन

चिकलठाण्याला आमच्या घरामागे गाडीसाठी बांधलेली एक खोली आहे. यजमान गेले, गाडी विकली, आणि खोली रिकामी पडली. ती भाड्याने मागायला यास्मिन आली तेव्हा मी विचारलं, "शिलाईकाम करणार का?"

"नाही आंटी. पोकलेनच्या जॉयस्टिक दुरुस्त करणार."

माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं. तिने पिशवीतून एक जॉयस्टिक काढून माझ्या हातात दिली. वर मुठीत बसेल अशी काळी दांडी, खाली चुण्याचुण्यांचं रबरी आवरण, त्याच्याही खाली तारांचा झुपका. तिने मला दांडी डावीकडे कलवायला सांगितली.

"चालक असा हात हलवतो. दांडी किती कलली ते आतला सेन्सर ओळखतो आणि कंट्रोल मॉड्यूलला कळवतो. मॉड्यूल म्हणजे मशीनचा मेंदू. तो तेलाच्या व्हॉल्व्हना हुकूम देतो आणि मग तो लोखंडाचा हात फिरतो."

"आणि दांडी सोडली तर?"

"तर ती मध्यावर यायला हवी आणि मशीन जागच्या जागी थांबायला हवं. खरं काम तेच आहे, आंटी."

यास्मिन आयटीआय शिकलेली. लग्नाआधीपासून ती इथल्याच एका कारखान्यात जॉयस्टिक जोडायच्या विभागात होती. तो विभाग पुण्याला हलवला, तेव्हा तिच्याबरोबरच्या बायका घरी बसल्या. ही बसली नाही. तिचा नवरा जावेद क्रेन चालवतो, महिनोन्‌महिने साइटवर असतो. दोघांनी विचार करून तपासणीची यंत्रं घेतली आणि माझ्या खोलीत टेबल मांडलं. मॉड्यूल उघडून त्यातला जळका भाग बदलणं आणि जॉयस्टिक नव्यासारखी करणं, ही दोन कामं ती करू लागली.

पण गिऱ्हाईक यायला हवं ना? बाईकडे पोकलेनचं काम कोण देणार? पहिल्यांदा दिलं ते कन्नडच्या नानासाहेबांनी. त्यांची पाच मशीनं विहिरी आणि शेततळी खोदतात. नवी जॉयस्टिक बाहेरून यायला वेळ लागतो आणि ऐन हंगामात मशीन उभं ठेवणं परवडत नाही, म्हणून त्यांनी एक पाठवून बघितली. ती चांगली चालली. मग त्यांनी एकेक करून पाचही मशीनच्या पाठवल्या. नानासाहेबांचं ऐकून फुलंब्री, सिल्लोडचे मशीनवालेही यायला लागले. यास्मिनचा सगळा धंदा त्या एका माणसाच्या शब्दावर उभा होता.

दसरा झाल्यावर त्यांचाच फोन आला. यास्मिनच्या हातात सोल्डरिंगचं काम होतं, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. मी तेव्हा चहा घेऊन दारातच उभी होते.

"यास्मिनबाई, ही जॉयस्टिक हाय का भूत? गोकुळनं हात काढला तरी मशीन आपलं डावीकडं फिरतंय! काल पाण्याची टाकी आडवी केली की."

"तिथं कुणी माणूस नव्हतं ना?" यास्मिनने पहिलं तेवढंच विचारलं.

"नव्हतं, म्हणून तर फोनवर बोलतोय. रविवारी समदे मशीनवाले माझ्याकडं बैठकीला येणार हायेत. त्यांच्यासमोर तुमच्या पाचही जॉयस्टिक काढून तुमच्या हवाली करतो. राग नका धरू. कंपनीच्या नव्या मागवतो."

फोन बंद झाला. चहा तसाच गार झाला. नानासाहेबांनी चारचौघांत जॉयस्टिक परत केल्या, तर दुसऱ्या दिवसापासून दारात कुणी येणार नव्हतं, हे तिला आणि मलाही समजत होतं.

"मी जाते रविवारी. सगळ्यांसमोरच उघडून बघते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, तुम्ही पण चला. म्हातारं माणूस सोबत असलं की शिव्या कमी पडतात."

असं आमंत्रण मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मी छत्री घेतली आणि तिने भाड्याने ठरवलेल्या जीपमध्ये जाऊन बसले.

नानासाहेबांच्या आवारात खुर्च्या टाकून मशीनवाले बसले होते. मधोमध दोन पोकलेन उभी होती, आणि टाकी पाडणाऱ्याचा चालक गोकुळ त्याच्या साखळीला टेकून उभा होता. आम्हाला बघताच तो म्हणाला, "मी काय केलं नाय."

"तुला कुणी काय म्हणलं का?" नानासाहेब त्याच्यावर ओरडले. मग माझ्याकडे लक्ष गेलं तसा त्यांचा आवाज खाली आला. "या मावशी, बसा सावलीत." यास्मिनचा हिशोब बरोबर होता.

तिने केबिनमधून डावी जॉयस्टिक स्वतः सोडवली, जीपच्या बॉनेटवर पांढरं फडकं पसरलं आणि एकेक स्क्रू ओळीने मांडत ती उघडली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांना ती मांडणी आवडली असती. आत मात्र घाण झालेली होती. सर्किटवर लालसर चिकट थर, तांब्यावर हिरवट गंज.

एक मशीनवाला मान लांब करून म्हणाला, "बघा, सडलंय. स्वस्तातलं काम!"

यास्मिनचे कान लाल झाले. तिने सुटं केलेलं रबरी आवरण उचललं, चुण्या ताणल्या आणि उन्हासमोर धरलं. मीही वाकून बघितलं. पीठ चाळायच्या चाळणीतून यावा तसा त्यातून उजेड येत होता, आणि प्रत्येक भोकाची कड जळलेली होती.

"कशाने झालं हे?" मी हळूच विचारलं.

"कळतंय थोडं थोडं. पण मी बोलले तर म्हणतील, बाई आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालते." मग ती मोठ्याने म्हणाली, "गोकुळभाऊ, शेजारचं मशीन चालू करून दाखवा. सकाळी जसं करता तसंच. काही सोडू नका."

गोकुळने नानासाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. गोकुळने चपला काढल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि आत चढला. खिशातून पुडा काढून दोन उदबत्त्या पेटवल्या, काचेवरच्या देवाच्या चित्राला ओवाळल्या, आणि अगदी सवयीने त्या डाव्या जॉयस्टिकच्या रबराच्या चुणीत खोचल्या.

सगळ्या माना तिकडे वळल्या. पहिल्या ओरडल्या नानासाहेबांच्या आई. दगडाबाई एवढा वेळ ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

"आरं मुडद्या! कुठं खोचतो ती?"

"तिथं घट्ट बसती, आजी," गोकुळ केबिनमधून म्हणाला. "रोज तिथंच लावतो. समदेच लावतात."

खुर्च्यांवरची निम्मी माणसं खाली बघायला लागली. दगडाबाईंनी मात्र हात तोंडाकडे नेला.

"आन् मी दसऱ्याला नारळाचं पाणी तिच्यावरच वतलं की रं! हळद-कुंकू बी तिलाच लावलं. म्हणलं, हाच तर मशीनचा हात." त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी नाना, तुजं भूत मीच हाय, व्हय?"

असा काही हशा उठला की झाडावरचे कावळे उडाले. नानासाहेबही हसले, पण लगेच सावरले.

यास्मिन म्हणाली, "भोकांतून पाणी आत गेलं, आणि दांडी मध्यावर असली तरी ती डावीकडे कलली आहे असं सेन्सर मॉड्यूलला सांगत राहिला. पण आजी, आमचे जावेदमियाँ पण क्रेनमध्ये दर गुरुवारी तिथंच उदबत्ती लावतात. मी कितीतरी जॉयस्टिकमधली करडी राख पुसली आणि साइटची धूळ समजले. तुम्ही लोक रबर इकडंच काढून ठेवता, मला नुसता खालचा भाग पाठवता आणि परत आल्यावर तेच रबर चढवता. मी कधी रबर मागितलंच नाही. ही चूक माझी."

"कारन समजलं," नानासाहेब म्हणाले. "पन आता ही चालंल का? का नव्याच मागवू?"

यास्मिनने हत्यारांची पिशवी उघडली. स्पिरिट आणि बारीक ब्रशने तिने सर्किट लख्ख केलं, गंजलेला एक जोड नव्याने सोल्डर केला, पिशवीतलं नवं रबर चढवलं आणि जॉयस्टिक जागेवर बसवली. मग मॉड्यूलला लॅपटॉप जोडून, दांडीचा मध्य कुठे आहे ते त्याला पुन्हा शिकवलं. तोवर बैठकीतला एकही माणूस उठला नाही. चहा आला, तो सगळ्यांनी बॉनेटकडे बघतच घेतला.

मग तिने काठोकाठ भरलेली बादली मागवली, ती दोरीने मशीनच्या पुढच्या दाताला टांगली आणि सगळ्यांना लांब सरायला सांगितलं.

"गोकुळभाऊ, डावीकडे फिरवा. मी हात वर केला की दांडी सोडून द्या."

मशीन गुरगुरलं. बादली जमिनीवरून उठली आणि डावीकडे निघाली. ज्या बाजूला टाकी पडली होती, त्याच बाजूला. यास्मिनने हात वर केला. गोकुळने पोलीस पकडायला आल्यासारखे दोन्ही हात हवेत नेले.

मशीन थांबलं. बादली किंचित झुलली आणि तीही थांबली. मशीन केसभरही पुढे गेलं नाही.

"आता आजींच्या समोर ठेवा."

गोकुळने ती बादली ओट्यापुढे अशी टेकवली, की बायका झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात तसं वाटलं. मशीन बंद झाल्यावर दगडाबाई उठल्या, वाकून पाणी बघितलं, त्यातलंच ओंजळभर घेऊन चूळ भरली आणि पदराने तोंड पुसलं.

"सांडलं नाय," त्यांनी निकाल दिला.

नानासाहेब उभे राहिले. "ऐका रं. माझ्या पाचही जॉयस्टिक यास्मिनबाईंकडंच राहतील. मॉड्यूल बी त्यांच्याकडंच. कुणाला काढायच्या असतील त्यानं आपापल्या काढा."

मघाशी 'स्वस्तातलं काम' म्हणणारा मशीनवाला सगळ्यांच्या आधी पुढे आला. "बाई, आमच्या दोन खराब पडल्यात. पाठवून देऊ का?"

"द्या की," यास्मिन म्हणाली. "रबरासकट द्या."

उदबत्तीचं काय करायचं, हा प्रश्न गोकुळनेच सोडवला. आवारातल्या वेल्डरकडून त्याने पत्र्याचं छोटं घर करून घेतलं. खाली राख पडायला वाटी, वर दोन उदबत्त्यांना भोकं. ते त्याने काचेच्या कोपऱ्यात, देवाच्या अगदी पायाशी बसवलं. आता यास्मिनकडून जाणाऱ्या प्रत्येक जॉयस्टिकबरोबर तसं एक घर जातं. पहिलं जावेदच्या क्रेनमध्ये गेलं.

त्या रविवारी परतताना जीपमध्ये मला पाय ठेवायला जागा नव्हती. मशीनवाल्यांनी घरी माणसं पाठवून अडगळीतल्या जॉयस्टिक आणि मॉड्यूल आणवले होते, आणि ते गोणपाटात गुंडाळून आमच्या जीपमध्ये भरले होते. दोन जॉयस्टिक मी मांडीवरच घेतल्या. वेरूळला सहलीच्या गाड्यांमुळे रस्ता अडला, तेव्हा यास्मिनने जावेदला फोन लावला. मला वाटलं, ती आता सगळी हकिगत सांगेल, कदाचित रडेलसुद्धा. तिला तेवढा वेळच नव्हता.

"सुनो जी, कल बाजार में टेबल देखना," ती म्हणाली. "नक्को, वो छोटा नक्को. बडा देखो. चार जने बैठ के काम करेंगे, उत्ता बडा."