फलाटबाईचा गाल

माझ्या नणंदेला बसस्थानकावर सगळे फलाटबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिनं तिथं एकच काम केलं. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली आहे, ते काचेच्या खोलीत बसून माइकवरून सांगायचं. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहोजाहो करते. मनात मात्र नेहमी एकेरीवर येते, आणि लिहितानाही तसंच येणार, त्याला माझा इलाज नाही.

तिनं लग्न केलं नाही. आई गेल्यावर धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिनंच वाढवलं. मी आले ती तिच्या तयार संसारात. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि पहाटे भिंतीपलीकडून घसा साफ करणारी नणंद. घरात ती मोजकंच बोलायची. एकदा चिडून मी विचारलंसुद्धा, "ताई, सगळं गोड बोलणं फलाटावरच संपवून येता का?" ती हसली आणि ताट घ्यायला उठली. माझी जीभ तिखट आहे, आणि या घरानं ते केव्हाच पदरात घेतलं आहे.

दुखणं सुरू झालं तिच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. दात घासताना डाव्या गालातून कळ गेली. मग घास चावताना, तोंड धुताना, खिडकीतून वारा लागला तरी, आणि बोलताना. कळ आली की तिचा डावा डोळा मिटायचा, हात गालापर्यंत जायचा पण गालाला टेकायचा नाही, आणि ती असेल तिथं तशीच उभी राहायची. दाताच्या डॉक्टरनं दोन चांगल्या दाढा उपटल्या. दाढाही गेल्या आणि दुखणंही राहिलं. पुढच्या डॉक्टरनं सांगितलं, दाताचा काही संबंध नाही, चेहऱ्याची नस आहे. गोळ्या दिल्या, तर त्या घेऊन ती भिंत धरून चालायला लागली. ऑपरेशन होतं, पण तिचं हृदय कच्चं, भूल झेपायची नाही. शेवटी ते म्हणाले, आता याच्यासोबत जगायला शिका. सांगायला त्यांचं काय जातं!

इथं मी माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती मला पहिल्या वर्षीच म्हणाली होती, "वहिनी, गंमत बघा, माइकवर दुखत नाही." मी भाजी चिरत होते. घरात दोन शब्द बोलली की कळ येते, आणि तिकडे आठ तास बोलते तर येत नाही! मी म्हटलं, "बरं आहे, दुखणंसुद्धा ड्यूटी बघून येतं." तिनं पुन्हा तो विषय माझ्याकडे काढला नाही. मला वाटायचं, थोडं दुखत असेल आणि बाकीचं घरकाम टाळण्यापुरतं असेल. असं वाटायचं हे खरं आहे, आणि त्याची लाज आता वाटून उपयोग नाही.

संमोहनाच्या डॉक्टरांकडे तिला मीच नेलं, कारण नवऱ्याला रजा मिळत नव्हती. मला वाटलं होतं, लंबक हलवणारा कोणी दाढीवाला असेल. निघाला साधा, टक्कल पडलेला, स्वेटर घातलेला माणूस. लोकांच्या सिगारेटी सोडवणं, नखं खायची सवय मोडणं, जुनाट दुखणी सोसण्याजोगी करणं, हे त्याचं काम. तो प्रामाणिक होता. "बरं करतो असं मी म्हणत नाही," तो म्हणाला, "मन दुसरीकडे लावायला शिकवतो. काहींना जमतं, काहींना नाही."

पण त्याचा आवाज! तेल न घातलेल्या दाराचा असतो तसा. ताईला खुर्चीत रेलून बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि सुरू झाला, "तुमच्या पापण्या जड होत आहेत, जड, जड..." ताईनं डोळे उघडले. "डॉक्टर, 'जड'वर इतका जोर देऊ नका. शब्द खाली सोडा." असं तीन आठवडे चाललं. हा झोपवायला जायचा आणि ही त्याचे उच्चार सुधारायची. मी बाहेर बाकावर बसून वैतागायचे.

चौथ्या आठवड्यात त्यानंच हात टेकले. मलाही आत बोलावलं आणि तिच्यापुढे कागद ठेवून म्हणाला, "बाई, माझे पेशंट घरी ऐकतात त्या कॅसेटी तुम्हीच बोलून द्या. मी तुमच्यावर पैसे न घेता प्रयत्न करत राहीन." एक कागद सिगारेटवाल्यांसाठी, एक पाठदुखीवाल्यांसाठी, एक नखं खाणाऱ्यांसाठी. ती माइकसमोर बसली, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रवाशांनी..." आम्ही तिघंही हसलो. हसताना तिला कळ आली, ते मी पाहिलं. मग तिनं वाचायला सुरुवात केली. सव्वा तास ती सलग बोलली. पाणीसुद्धा प्याली नाही. आणि त्या सव्वा तासात एकदाही कळ आली नाही, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, "हे कामावरही असंच असतं?" ताईच म्हणाली, "माइकवर दुखत नाही."

तो खुर्ची ओढून बसला. त्यानं सांगितलं की दुखणं खोटं नाही, पण ते जाणवायला मन तिथं असावं लागतं. माइकसमोर बाईंचं सगळं मन गाडी, फलाट आणि धावणाऱ्या माणसांकडे जातं, गालाकडे काही उरत नाही. "मी लोकांना जे शिकवायला महिने घालवतो, ते तुमच्याकडे आधीपासून आहे. तुमचं संमोहन ते, त्या काचेच्या खोलीत." इतकी वर्षं मी ज्याला सोंग म्हणत होते, त्याला डॉक्टरी नाव होतं.

कॅसेटी भराभर गेल्या. ताईच्या आवाजानं लोक गुंगून जायचे आणि उठल्यावर सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकायचे म्हणे. माझ्या नवऱ्यावर मात्र काही परिणाम झाला नाही. तो तंबाखू खातो, म्हणून मी त्याला एक कॅसेट लावून दिली. पाच मिनिटांत उठून बसला. म्हणाला, "ताईचा आवाज ऐकला की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं." आणि जाऊन तंबाखू मळली.

पण बसस्थानकाच्या मोठ्या साहेबांवर झाला. दिवसाला दोन पाकिटं ओढणारा माणूस, छातीत शिट्ट्या वाजायच्या. तीन आठवड्यांत सुटला. सुटला तो इतका, की धूर दिसला तरी फलाट बदलायचा. आणि उपकार फेडल्याशिवाय त्याला चैन पडेना.

एका रविवारी सकाळी तो फळांची पिशवी घेऊन घरी आला. मी नुकताच ताईपुढे चहा ठेवला होता. तो जरा जास्तच गरम होता, आणि पहिल्या घोटालाच कळ आली होती. ती टेबलाशी बसलेली, डोळा मिटलेला, हात गालाजवळ. साहेब बिचारा हळहळला. म्हणाला, "बाई, तुम्ही बोलू नका, फक्त ऐका. तुमच्या कॅसेटनं मला वाचवलं. तेव्हाच सुचलं. तुम्ही दोन दिवस बसून सगळ्या गाड्या, सगळे फलाट, सगळे आकडे बोलून द्यायचे. आम्ही मशीन आणतोय. मशीन जोडून जोडून सांगेल. तुम्हाला पुन्हा तोंड उघडायला नको. हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसायचं, नोंद करायची. पगार तोच."

ताईनं मोकळा हात वर केला आणि हलवला.

"म्हणजे?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या वेळी काय झालं ते मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. तिला कळ आली म्हणून हात हलला असं मला वाटलं, असं मी नवऱ्याला सांगितलं. पण मला कळलं होतं. पूर्ण नाही, थोडं कळलं होतं. आणि तरी माझ्या डोक्यात होतं की आता ही दमून येणार नाही, पहाटे घसा साफ करणार नाही, घरात चार कामांना हात लागेल. मी म्हणाले, "चालेल साहेब. त्यांना कशाला नको असेल? देवासारखे आलात."

कळ ओसरायला अर्धा तास लागला. तोवर साहेब चहा पिऊन गेले होते. ती मला एवढंच म्हणाली, "वहिनी, तुम्ही थांबायचं होतं."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना भेटली. माइकवर दुखत नाही, हे सांगितलं. साहेबांना वाटलं, बाई संकोच करतात. "इतकी वर्षं सोसलंत, आता पुरे," असं म्हणून त्यांनी तिला रिक्षा करून घरी पाठवलं. भलं करायला निघालेल्या माणसाला अडवणं फार कठीण असतं. वाईट करणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. दोन दिवस ती बोलली. एक ते चोवीस फलाट, सगळ्या गावांची नावं, सगळ्या वेळा, 'उशिरानं सुटेल' आणि 'रद्द झाली आहे' सुद्धा. कळ आली नाही. तिसऱ्या दिवसापासून तिला छत्र्या, चष्मे आणि जेवणाचे डबे यांच्यात बसवलं. तिथं छतालाच एक भोंगा होता. दिवसभर तिचाच आवाज त्यातून ठणठणीत यायचा, आणि खाली ती गालाजवळ हात धरून बसायची.

पूर्वी दिवसातले आठ तास सुटका होती. आता चोवीस तास गाल होता. बोलणं जवळजवळ थांबलं. खाणं पातळ झालं. संमोहनवाल्या डॉक्टरनं तिला समोर नुसता माइक धरायला दिला, म्हणाला, समजा तुम्ही काचेच्या खोलीत आहात, समोर गर्दी आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बरी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं माइक खाली ठेवला. "डॉक्टर, बाहेर गाडीच नाही," म्हणाली. त्यानं वाद घातला नाही. मी साहेबांकडे जाऊन रडले, भांडलेसुद्धा. ते कळवळले, पण मशीनचा खर्च वर मंजूर झालेला, आता वरच्यांना काय तोंड दाखवणार? म्हणाले, मशीन कधी बिघडलं तर पहिली हाक बाईंनाच.

हे मी घरी येऊन तिला सांगितलं, आणि तिथंच दुसरी चूक केली. कारण त्या दिवसापासून ती वाट बघायला लागली. मशीन बंद पडावं, माणसांचा खोळंबा व्हावा, म्हणून वाट बघायची. ज्या बाईनं सव्वीस वर्षांत एका प्रवाशाची गाडी चुकू दिली नाही, ती. मीही बघायचे. रोज दुपारी तिच्यासाठी पेज घेऊन जायचे आणि भोंग्याकडे कान लावून बसायचे. चार महिने गेले.

मग एका बुधवारी दुपारी भोंगा खरखरला आणि थांबला. फलाटांवर गलका वाढला. साहेब स्वतः धावत आले. "बाई, चला."

ती उठली. केस सारखे केले. इतक्या झरझर चालताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. काचेच्या खोलीत खुर्ची पुसली, बसली, बटण दाबलं. मी काचेबाहेर उभी. साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." तोच आवाज. बाहेर माना वळल्या. मला रडू फुटलं.

"फलाट क्रमांक सातवर..." आणि ती थांबली. मी तिचा चेहरा बघत होते. ती गर्दीकडे पाहत नव्हती, कागदाकडेही नाही. ती आत कुठंतरी कान लावून बसली होती. कळ येते का? आली का? चार महिने ज्या सुटकेची वाट बघितली ती खरंच मिळाली का, ते ती तपासत होती. तिचा डावा डोळा मिटला.

तिनं पुन्हा बटण दाबलं. "फलाट क्रमांक..." पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा नुसता श्वास ऐकू आला. सगळ्या स्थानकावर तो श्वास ऐकू आला. माणसं पिशव्या घेऊन वर भोंग्यांकडे बघत उभी होती. कोणी हसलं नाही, एवढं मात्र चांगलं. साहेबांनी हलकेच तिचं बोट बटणावरून काढलं. मग एक ड्रायव्हर टपावर चढला आणि ओरडून गाड्या सांगायला लागला. त्याचं कुणाला काही कळलं नाही, तरी माणसं आपापल्या गाडीत बसली.

संध्याकाळपर्यंत मशीन दुरुस्त झालं. आम्ही दोघी घरी जायच्या गाडीत शेजारी बसलो. खिडकी मी बंद केली, तिला वारा लागू नये म्हणून. ती बोलली, एकेक शब्द तोडून.

"वहिनी, तिथं पण दुखलं."

पुढं तिला आणखी काही सांगायचं होतं. तोंड उघडून ती कळ जायची वाट बघत होती, आणि मला ते बघवेना.

मी म्हटलं, "बोलू नका, ताई."

तिनं तोंड मिटलं.