नखाएवढ्या चित्रांच्या वानखडे मॅडम

वानखडे मॅडमची आणि माझी पहिली भेट तक्रारीनेच झाली. बुलढाण्यात आम्ही मित्रांनी सॉफ्टवेअरचे छोटे ऑफिस थाटले होते आणि भाजीपाला पिकवणाऱ्यांसाठी एक ॲप काढले होते. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या शकुंतलाताई वानखडे मोबाइल हातात धरूनच आत आल्या. "तुमचं ॲप चांगलं आहे, पण मोबाइलमध्ये सापडत नाही," त्या म्हणाल्या. आमच्या आयकॉनमध्ये रोप, ढग, सूर्य, पाण्याचा थेंब, खाली ॲपचे नाव, असे सारेच होते. तेही हिरव्यावर हिरवे. मॅडमनी चष्मा वर सरकवला. "हे चित्र हाये का आठवडी बाजार?"

आम्ही हसलो आणि त्यांना खुर्ची दिली. ती आजही त्यांचीच आहे.

मॅडमचे म्हणणे साधे असते. आयकॉनला नखाएवढी जागा मिळते. तेवढ्यात एकच गोष्ट सांगावी. त्यांनी पिवळ्यावर एकच जांभळे वांगे काढले. हे दोन रंग शेजारी ठेवले की कसे उठून दिसतात, ते आम्हाला भर उन्हात गच्चीवर नेऊन दाखवले. ॲप उघडणारा माणूस वावरात उभा असतो, पंख्याखाली नव्हे.

त्यांची खरी ओळख मात्र आमच्याच जिल्ह्यातल्या सुलतानपूर गावात पटली. फवारणीनंतर भाजी तोडायची की थांबायचे, हेही ॲप दाखवणार होते. हिरवा गोल म्हणजे तोडा, लाल म्हणजे थांबा. उद्घाटनाचा मंडपसुद्धा ठरला होता. चाचणीच्या वेळी बाबाराव नावाचे शेतकरी लाल गोल पाहून म्हणाले, "चालते, तोडू." घाईत चुकले असतील, असे आम्हाला वाटले. मॅडम त्यांना बांधावर बाजूला घेऊन गेल्या. मी पाठोपाठ होतो.

"भाऊ, लाल मिरची आन हिरवी, येगळी दिसते का तुमाले?"

"नाही बाई. निवडाले घरची बसते. लोक हासतात, म्हून सांगत नाही कोनाले."

मॅडमनीही कोणाला सांगितले नाही. (मी आज बाबारावांना विचारूनच लिहितो आहे.) परत येऊन त्या एवढेच म्हणाल्या, "नुसत्या रंगावर भरवसा नको. दोन्हींचं चित्रही येगळं पाहिजे." उद्घाटन लांबणार म्हणून आम्ही कुरकुरलो. "विषारी वांगं कोणाच्या ताटात गेलं, तर मंडप काय कामाचा?" त्यांनी विचारले. उद्घाटन लांबले.

त्यांनी लाल गोलात 'थांबा' म्हणणारा उभा तळहात काढला. तो पाहताच बाबारावांनी हात जोडले. "बाई, हा तं आशीर्वाद देऊन राह्यला!"

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मंग काय काढू? तुमीच सांगा."

"भाजीचा तोडा नाही, तं टोपली उपडी."

तेच ठरले. लाल रंगात उपडी टोपली, हिरव्यात भरलेली. पुढच्याच आठवड्यात, चाचणी चालू असतानाच, बाबारावांचा फोन आला. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती, पण त्यांनी तोडा थांबवला होता. "टोपली उपडी हाय, मंगळवारी ये म्हनलं त्याले!"

उद्घाटनाला मॅडमना शाल दिली, ती त्यांनी बाबारावांच्या खांद्यावर घातली. "चित्र यांचं," त्या माइकवर म्हणाल्या, "मी फक्त रंगवलं."

साठी गाठली तरी मॅडम सकाळी आमच्याआधी ऑफिसात असतात. नव्या मुलामुलींची चित्रे हातभर लांब धरून पाहतात आणि "गर्दी कमी करा बे" म्हणत परत करतात. मॅडम, आपली प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आपले हे प्रेमाचे 'बे' आम्हाला आणखी पुष्कळ वर्षे ऐकायला मिळो.