कपारीतला चांद्या

"काकू, ती वाटी खाली ठेव."

"का म्हणून? दर पोळ्याला लावून राह्यले. आजच काय झालं?"

"आज साहेब येऊन राह्यलेत. हजारो वर्षांचे बैल हायत ते, अन् तू त्यांच्यावर गेरू थापतीस."

"थापते म्हणे. चूल सारवून राह्यले का मी? नुस्तं शिंगाला लावते. एका बोटानं."

"एका बोटानंबी न्हाई."

गोजरबाईनं वाटी खाली ठेवली नाही, पण बोटही बुडवलं नाही. धर्मराज तिच्या दिराचा मुलगा, मंठ्याला मास्तर. टेकडीवरच्या या कपारीतल्या बैलांच्या चित्रांबद्दल त्यानंच पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना पत्र धाडलं होतं.

पोळ्याला घरच्या बैलांची शिंगं रंगवायची आणि उरलेला गेरू घेऊन थोरल्या सुनेनं इथं यायचं, हा त्या घरचा रिवाज. सासूनं शिकवलेला. ओल्या बोटाखाली दगड आधी गार लागे, मग कोमट. शिंग लाल झालं की बैल कातडी थरथरवी, मान हलवी, आणि सगळा कळप कसा कुठल्याशा पाण्याकडं निघाल्यासारखा वाटे. गोजरबाई श्वास धरून बसे. खाली गावातला डफ अगदी दुसऱ्या जगातून ऐकू येई.

कळपाच्या शेवटी एक गोऱ्हा होता, कपाळावर चंद्रकोर असलेला. चांद्या. खरा चांद्या कुंभार पिंपळगावहून, माहेरातून तिच्या मागं चालत आला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याला पान लागलं, साप चावून तो गेला. ती तीन दिवस जेवली नाही तेव्हा सासू एवढंच म्हणाली, "वर कपारीत, कळपाच्या मागं एक जागा मोकळी हाये." त्याला आता एकतीस वर्षं झाली.

साहेब आले. किडकिडीत, हळू बोलणारे. भिंग लावून त्यांनी एकेक बैल पाहिला.

"शिंगांवरचा गेरू आम्ही हलक्या हातानं काढू. खालचं जुनं चित्र शाबूत आहे." मग ते शेवटाला येऊन थांबले. "या वासराचं काही कळत नाही. रेघ जुन्यासारखीच आहे. जुनं असेल तर हात लावायचा नाही. नवं असेल तर पुसावं लागेल."

"काकूला विचारा की," धर्मराज म्हणाला. "तिला इथली रेघ न् रेघ माहीत हाये."

साहेब वळले. "आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे वासरू होतं का इथं?"

गोजरबाईनं चांद्याकडं पाहिलं. चंद्रकोर फिकी झाली होती.

"काकू, सांग की. साहेब विचारून राह्यलेत."

तिनं बोट गेरूत बुडवलं, चांद्याच्या कपाळावर टेकवलं, पदर सावरला आणि वाटी घेऊन उन्हात चालती झाली.