बायकोचे मामा आणि परसातला अनोळखी वेल

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत असं एकही झाड नाही, ज्याला माझ्या बायकोच्या मामांनी नावानिशी हाक मारलेली नाही. ते नाव त्याच झाडाचं असतं की नाही, हा भाग वेगळा! पेडण्याहून साखळीला आमच्याकडे यायचं तर त्यांना बसमध्ये खिडकीच लागते. बस सुटली की ह्यांचं सुरू, "तो किंदळ, तो माट्ट, अरे बापरे, तो कुंभयो केदो वाढलो!" शेजारचा पेंगत असला तर त्याला ढोसून उठवतात. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "मामा, तो विजेचा खांब आहे." मामा कसले हटतात! म्हणाले, "खांब आसा गो, पण तेच्यार चडलाहा ता काय?"

पान दिसलं की चुरगाळायचं, हुंगायचं आणि सरळ जिभेवर ठेवायचं, ही त्यांची परीक्षा. कडू लागलं तर औषधी, गोड लागलं तर पौष्टिक. एकदा खाजकुयलीच्या शेंगेवरून मायेने हात फिरवला आणि तीन दिवस अंग खाजवत बसले, पण "रगत शुद्ध जाता" ह्यापलीकडे कबुली नाही. "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेच नव्हते. आणि ऐकणार तरी कसे? चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट, म्हणजे माटोळी, टांगतात, ती रानफळांनी भरावी तर मामांनीच. एकेक फळ बांधताना त्याचं नाव, गुण, सगळं सांगत. गावात त्यांचा मान होता तो ह्याच्यावर.

एका पावसाळ्यात आमच्या परसात एक वेल उगवला. आम्ही लावलेला नव्हता. बघता बघता बायकोच्या लाडक्या जाईला त्याने गुंडाळलं आणि आंब्यावर चढला. बायकोने कोयता काढला. नेमके त्याच वेळी मामा दारात!

"तोडू नको गो बाय! रानकारला ता."

पुढच्या रविवारी तो तोंडली झाला, त्याच्या पुढच्या रविवारी गुळवेल. शेवटी बायको म्हणाली, "मामा, चवथीपर्यंत मुदत. नाव सांगा, नाहीतर तोडते."

मामांचा चेहरा उतरला. दर रविवारी पान चावायचे, थुंकायचे आणि पुन्हा दुसरं तोडायचे. समोर चहा नि पाव ठेवला तरी हात लावत नसत. गावातल्या माटोळीवाल्याला भाचीच्या परसातला वेल ओळखता येऊ नये! मला तर त्यांची दयाच यायला लागली. एखादं नाव ठोकून द्या, असं मी हळूच सुचवलंही. त्यावर मामा म्हणाले, "जावयबापू, आता खोटा सांगूक जीव होयना."

चवथीच्या आदल्या दिवशी ते माटोळी बांधायला आले. आंब्याचा टहाळा काढायला झाडाखाली गेले, मान वर केली आणि केवढ्याने ओरडले! आम्ही धावलो, बायको हातातल्या कोयत्यासकट. मला वाटलं, जनावर चावलं. वर पानांच्या आड लालभडक, लिंबाएवढी फळं लोंबत होती.

"कवंडळ! अगो बाय, कवंडळ ता!"

"मामा, ते तर तुम्ही दरवर्षी माटोळीला बांधता!" बायको कपाळावर हात मारून म्हणाली.

आम्ही हसून लोटपोट झालो, मामाही हसले. मग विहिरीच्या कट्ट्यावर बसले. म्हणाले, "बापूस रानात जायचो. डोक्यार फळांचा ओझा घेवन येयचो. मी घरात रवान बांधायचंय. तो गेलो तेव्हापासून बाजारातसून इकत हाडतंय. फळ माका माटोळीक टांगलेला म्हायत. झाड कसा दिसता, म्हणान मी तेका कधी इचारूकच नाय."

बायकोने कोयता माझ्या हातात दिला आणि मामांच्या शेजारी जाऊन बसली. जाई बिचारी त्या वर्षी गुदमरलीच, पण वेलाला कुणी हात लावला नाही.

चवथ झाल्यावर मामांनी मला आपल्या गावामागच्या रानात नेलं. सत्तरी उलटलेला माणूस पोरासारखा पुढे पळत होता. एकेका झाडाशी थांबून, पान न चावता, मोठ्या खुशीत म्हणायचे, "माका म्हायत नाय!" आणि दर वेळी मागे वळून बघायचे, कुणीतरी नाव सांगेल म्हणून. मागे मीच होतो, आणि मला एकही नाव येत नव्हतं.