उपसलेली विहीर

आमच्या गावच्या विहिरीला आता संरक्षित वारसा म्हणतात. चौफेर टॉवर, मध्ये काळ्या दगडाची ती विहीर आणि निळी पाटी: काठावर बसू नये. पाटी वाचून मला हसू येतं. बसणं लांबच, आमच्या घरात तिचं नावही निघत नव्हतं.

मी लहान असताना माझी मोठी बहीण दुपारी पाण्याला गेली ती परतलीच नाही. काठावर भरलेली कळशी तेवढी सापडली. गळ टाकून झाले, पट्टीचे पोहणारे उतरले, पण तळ कुणालाच लागला नाही. मग गावाने ठरवून टाकलं, पोरगी ट्रकवाल्याबरोबर पळाली. लोकांच्या जिभेला हाड नसतं. बाबांनी मान खाली घातली ती कायमचीच. आईने मात्र ते चटकन मानलं. "पलाली ना? मंग जिती हाय," म्हणायची. पण त्या विहिरीचं पाणी तिने पुन्हा कधी तोंडाला लावलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी विहीर उपसायला घेतली. पंपाचा आवाज ऐकून आई काठी टेकत आली आणि समोरच्या ओट्यावर बसली. मी घरी चल म्हटलं, चिडलो, ओरडलो. ती हलली नाही.

पाणी खाली जाईल तसा भर वैशाखात काठावर गारठा जाणवायला लागला. आत उतरलेला माणूस बोलायचा थांबला, तरी त्याचा आवाज थोडा वेळ वर येतच राहायचा. गाळाच्या एका टोपलीत हिरव्या बांगड्यांचे तुकडे निघाले तेव्हा मी तोंड फिरवलं. भित्राच आहे मी. पण ओटीबरोबर बांगड्या तर गावातली प्रत्येक बाई विहिरीत सोडायची. बाकी गाळ धुऊन पाहिला, तर तांबे, बादल्या, गंजलेले गळ. हाड नाही की चिंधी नाही.

शेवटी तळ दिसला. अखंड कातळ, आत्ताच कुणी झाडून ठेवल्यासारखा.

मी धावतच आईकडे गेलो. "आये, काय नाय गो तिकडं! कोन नाय!" आनंदाने मला रडू फुटलं होतं.

आईने विहिरीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसेल.

"मंग एवऱ्या वर्सांन," ती म्हणाली, "एकदा पन घरा का नाय आली ती?"