पानाची दारं आणि आमचे काका

पानाच्या आतल्या दारांची जेवढी चिंता आमच्या भिसेगावच्या काकांनी वाहिली, तेवढी कुठल्या पहारेकऱ्याने राजवाड्याच्या दाराचीही वाहिली नसेल; आणि स्वतःच्या घराचं दार मात्र त्यांनी दिवसाउजेडी कधी लावलं म्हणून नाही. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, खोपोलीच्या एका कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मांजरं, कोंबड्या, साजगावच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारे शेजारी, सगळे ओटीवरून थेट आत. कुणी म्हणालं, "सर, एखाद दिवशी चोर येईल," तर म्हणायचे, "येऊ दे की. त्याला हरितलवक समजावून सांगतो. पुन्यांदा यायचा नाय."

हरितलवक म्हणजे पानाच्या पेशीतला हिरवा कण, उन्हावर अन्न शिजवणारा. मी इंग्रजी शाळेतली, हा शब्द मला काकांकडूनच मिळाला. मला माणसांत बोलायला फारसं जमत नाही, पण काकांसमोर ती अडचणच नव्हती. बोलायचं काम ते एकटेच करत. "हे बघ गं, स्वयंपाकघर आत, पण स्वयंपाकी बहुतेक बाहेर जन्मतात. ही प्रथिनं दोन दारं ओलांडून आत घ्यायची. मग आपला कोण, परका कोण, दाराला कळणार कसं?" तर प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला पत्ता असतो. दार तो ओळखतं, मग घडी न घातलेल्या दोऱ्यासारखं प्रथिन आत ओढून घेतलं जातं, आणि आत गेल्यावर त्याची नीट घडी बसून त्याला आकार येतो. हे पटवायला त्यांनी एकदा भर वर्गात मिटलेली छत्री खिडकीच्या गजांतून व्हरांड्यात सरकवली आणि बटण दाबलं. व्हरांड्यातून प्राचार्य चालले होते. त्यांचा चष्मा जास्वंदीत सापडला. काका मात्र आनंदाने ओरडत होते, "बघा, बघा, पलीकडे जाऊन आला की आकार!"

घरच्या लग्नांत मांडवाच्या दाराशी तेच उभे. येणाऱ्याला विचारायचे, "कुणीकडचे?" त्याने गाव सांगितलं की दोन बोटांची कात्री करून हवेत चालवायचे. "कापला पत्ता! जा, जेवायला बसा. आत सगळे घरचेच." पानातही अगदी असंच होतं, आत शिरल्यावर पत्ता छाटला जातो, हे त्या बिचाऱ्या पाहुण्याला कुठून ठाऊक? तो आपला घाबरून खिसा चाचपायचा. मी एकदा विचारलं, "त्या छाटलेल्या तुकड्याचं काय होतं, काका?" एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणाऱ्या काकांनी आधी बोटांची कात्री मिटली. "चुरा होतो गं त्याचा," म्हणाले.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. आणि ज्यांनी कधी दार लावलं नव्हतं, ते आतून कडी घालून दारामागे उभे राहू लागले. दूधवाला परत गेला. शेजारी परत गेले. माझे बाबा दोन वेळा दारातूनच परत आले. काकूंना फक्त एकच धास्ती होती. "माझ्यावर पाळी येऊ नये बाय," त्या म्हणायच्या. "मला वळखतात तवर माझं घर हाय."

गेल्या महिन्यात मी गेले होते. बाजारातून मी आणि काकू परतलो, तर दाराला आतून कडी.

"कोण?" आतून काकांचा आवाज.

"आवं, मी. सुनीता."

"खोटं. सुनीता कडी कशाला वाजवील? तिचंच घर हाय."

काकू हसल्या, आणि हसता हसता दाराच्या चौकटीला धरून खाली पायरीवर बसल्या. त्यांनी मंगळसूत्र कुठून आणलं ते सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं, काकांच्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं. आतून एकच उत्तर, "पुढच्या घरी विचारा." मी हाक मारली तर मलाही तेच. बऱ्याच वेळाने काकू उठल्या, दाराशी तोंड नेलं आणि माझ्यापासूनही लपवल्यासारखं हळू म्हणाल्या, "मी हौसा. भिवपुरीची."

हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. माहेरचं, लग्नात बदलून टाकलेलं.

कडी निघाली. काकांचा चेहरा उजळला होता. "भिवपुरीची? म्हणजे आमच्या मंडळींच्या माहेरची की तुम्ही! या, या. बसा." त्यांनी उपरण्याने खुर्ची पुसली, पाहुण्यांसाठी ठेवलेली. "मंडळी बाजारात गेलीय. येईलच इतक्यात. तिला भेटल्याबिगर जाऊ नका हां, रागावंल ती. माहेरचं माणूस आलं की लई खूश होते."

काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या. भाजीची पिशवी मांडीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"येऊ द्या सावकाश," त्या म्हणाल्या. "मी थांबते."